कोंकणचीं जोडबंदरें

कोंकणच्या इतिहासाचें कोणतेंही पुस्तक उघडलें, तर त्यांत समुद्र दोनच प्रसंगीं वाचकांच्या भेटीस येतो. एक तर आरमारी लढाईचें वर्णन चाललें असतां, आणि दुसरा समुद्रगमनाच्या निषेधाचा वाद निघाला असतां. पहिल्या प्रसंगीं तो रणांगण होतो, दुसऱ्या प्रसंगीं ओलांडूं नये अशी मर्यादा होतो. परंतु ज्या समुद्रावरून कोंकणांतील माणूस शेंकडों वर्षें आपलें भात, मीठ, नारळ आणि लांकूड घेऊन एका बंदराहून दुसऱ्या बंदरास जात असे, संध्याकाळ झाली कीं एखाद्या खाडींत शिरून नांगर टाकीत असे आणि पहांटेच्या वाऱ्याबरोबर पुन्हां शीड उभारीत असे, तो घरगुती समुद्र इतिहासकारांच्या लेखणीस फारसा शिवलेला नाहीं. लढाया मोजक्या झाल्या. हा प्रवास मात्र रोज चालला होता. म्हणूनच त्याची नोंद ठेवावी असें कोणास वाटलें नसावें.

हा विचार मनांत येण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. गेल्या वैशाखांत चिपळुणास जाण्याचा योग आला असतां मी एका सायंकाळीं गोवळकोटच्या धक्क्यावर जाऊन बसलों. मागें गोविंदगडाची लहानशी टेकडी, समोर वाशिष्ठीचें संथ पाणी, आणि त्या पाण्यावर एक वाळकी झांवळी उलट दिशेनें, म्हणजे डोंगराकडे, वाहत चाललेली. समुद्र येथून सुमारें पंचवीस मैल दूर आहे. तरी त्याची भरती येथवर पोंचते. माझे आजोबा सांगत असत कीं, मुंबईहून आगबोटीनें दाभोळास उतरावें, तेथें लहान बोटींत बसावें आणि भरतीबरोबर खाडींतून वर येत येत गोवळकोटास पाय लावावा, हीच त्यांच्या लहानपणीं घरीं येण्याची वाट होती. मी तेथें दोन तास बसलों होतों. भरती आली, पाणी चढलें, धक्क्याच्या पायऱ्या एकामागून एक बुडाल्या. परंतु त्या भरतीबरोबर वर येणारें एकही गलबत मला दिसलें नाहीं. भरतीनें आपलें काम सोडलेलें नाहीं, आपण मात्र तिचें बोट सोडलें, असें वाटून मी उठलों.

हें बोट धरून चालणें म्हणजे काय, तें प्रथम सांगितलें पाहिजे. नारळी पौर्णिमेस दर्यास नारळ अर्पण केल्यावर समुद्र हळूहळू निवळूं लागे. पावसाळ्यांत किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवलेलीं गलबतें पाण्यांत लोटलीं जात, आणि पुढल्या ज्येष्ठाचें वारें उठेपर्यंत किनाऱ्याची रहदारी चाले. ह्या दिवसांत रात्रीच्या उत्तरार्धांत जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, व दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा येतो. तो बहुधा वायव्येचा असतो. तांडेल मतलईवर नांगर उचली, किनाऱ्यापासून थोडा दूर जाई, दुपारीं खाऱ्या वाऱ्यावर शीड फिरवी, आणि सूर्य मावळण्यापूर्वीं पुढल्या खाडीच्या आश्रयास येई. मुंबईहून दक्षिणेस जातांना वायव्येचा वारा साह्य करी, म्हणून जाणें सोपें. परततांना तोच वारा तोंडावर येई, म्हणून येणें अवघड. दोन दिवसांत गेलेलें गलबत यावयास आठवडा लावी, यांत कोणास नवल वाटत नसे. वाऱ्याची वाट पाहण्यासाठीं, पाणी भरून घेण्यासाठीं, थोडा माल उतरून थोडा चढविण्यासाठीं, जागोजाग थांबावें लागे. थांबणें हा प्रवासाचाच एक भाग होता.

आणि थांबण्याची जागाही वाटेल तेव्हां मिळत नसे. बहुतेक खाड्यांच्या तोंडाशीं नदीनें आणलेली व लाटांनीं परतविलेली वाळू सांचून पाण्याखालीं एक आडवा उंचवटा तयार होतो. भरलेलें गलबत ओहोटीच्या वेळीं त्यावरून जाऊं शकत नाहीं. मुंबईच्या बाजूस उधाणाच्या भरतीचें पाणी सुमारें पांच मीटर चढतें. दक्षिणेकडे जावें तसतशी ही चढ कमी होत जाऊन गोव्याजवळ निम्म्याहून कमी राहते. तेव्हां कोणत्या खाडींत कोणत्या तिथीस किती पाणी असेल, हें तांडेलास तोंडपाठ असावें लागे. अमावास्या-पौर्णिमेचें उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचें भांगाचें पाणी यांवर त्याचें पंचांग उभारलेलें होतें. हें शास्त्र कोणत्याही पोथींत लिहिलेलें नव्हतें. तें बापाकडून मुलास सुकाणूवर हात ठेवूनच मिळत असे.

किनाऱ्याची खरी लांबी किती, हा प्रश्न वरवर शाळकरी वाटतो. पण आपल्या विषयाची किल्ली त्यांतच आहे. भारताचा किनारा पूर्वीच्या मोजणीप्रमाणें सुमारें ७,५१६ किलोमीटर धरला जात असे. अलीकडे अधिक सूक्ष्म नकाशांवरून, खाड्यांचीं व किनाऱ्याचीं वांकणें धरून मोजणी झाली, तेव्हां तोच किनारा ११,०९८ किलोमीटर भरला. समुद्र वाढला नाहीं, जमीनही वाढली नाहीं. वांकणें मोजलीं गेलीं इतकेंच. गलबतवाल्याचा किनारा नेहमींच हा दुसरा, वांकणांचा किनारा होता. त्याच्या दृष्टीनें किनारा म्हणजे समुद्राच्या कडेची रेघ नसून जमिनीच्या पोटांत शिरलेल्या अनेक गल्ल्यांची मालिका होती.

ह्या गल्ल्या नीट पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. कोंकणांतील मोठें बंदर हें बहुधा एकटें नसतें. तें जोडीनें असतें. सावित्रीच्या मुखाशीं बाणकोट आणि वर महाड. वाशिष्ठीच्या मुखाशीं दाभोळ आणि वर चिपळूण. शास्त्रीच्या मुखाशीं जयगड आणि वर संगमेश्वर. जैतापूरच्या खाडीवर मुखाशीं जैतापूर आणि वर राजापूर. वाघोटणच्या मुखाशीं विजयदुर्ग आणि वर खारेपाटण. मुखाशीं असलेलें बंदर मोठ्या तारवांस निवारा देई, आणि खाडीच्या शेंवटीं असलेलें बंदर घांटावरून उतरलेल्या बैलांस थांबण्याची जागा देई. महाडास वरंधचा घांट उतरे, चिपळुणास कुंभार्ली, संगमेश्वरास आंबा, राजापुरास अणुस्कुरा, खारेपाटणास फोंडा. एका टोंकास खारें पाणी संपे व दुसऱ्या टोंकास गोडें पाणी हरवे. या दोहोंमधली जी खाडी, तिच्यावरून मचवे आणि पडाव दिवसांतून दोनदां, एकदां भरतीबरोबर वर व एकदां ओहोटीबरोबर खालीं, जणूं रहाटाच्या पोहऱ्यांप्रमाणें फिरत. घांट, खाडी आणि समुद्र हीं तीन मिळून एकच रस्ता होता. ह्या जोडबंदरांचा उदय आणि अस्त हाच, माझ्या मतें, कोंकणच्या आर्थिक इतिहासाचा मुख्य धागा होय.

हा धागा फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ नामक ग्रीक भाषेंतील प्रवासग्रंथांत कल्याणच्या पुढें सेमिल्ला, म्हणजे आपलें चौल, व त्याखालचीं दुसरीं अनेक स्थानिक पेठांचीं बंदरें ओळीनें सांगितलीं आहेत. त्याच ग्रंथांत भडोचच्या खाडीविषयीं जें लिहिलें आहे, तें तर आपल्या विषयाचें जणूं पहिलेंच शास्त्र म्हणतां येईल. तेथील राजाच्या चाकरींतले कोळी लांब होड्या घेऊन परक्या जहाजांस सामोरे जात, उथळ पाणी चुकवून त्यांस ओढून आणीत, भरतीच्या आरंभाबरोबर पुढें नेत आणि ओहोटी लागली कीं ठरलेल्या जागीं नांगरून ठेवीत. दोन हजार वर्षांपूर्वींचा हा नांगर टाकण्याचा क्रम आणि आजोबांच्या वेळचा वाशिष्ठींतला क्रम यांत फरक तो काय?

याहून मोलाचा पुरावा खुद्द खारेपाटणांत सांपडला आहे. शिलाहार राजा रट्टराज याचा शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ चा ताम्रपट तेथें मिळाला. त्यांत देवस्थानास नेमून दिलेल्या उत्पन्नाचा तपशील आहे. द्वीपांतराहून येणाऱ्या प्रत्येक तारवामागें एक सुवर्ण गद्याण घ्यावा. कंदलमूलीय ह्या नांवानें निर्दिष्ट केलेल्या ठिकाणाहून येणाऱ्यामागें एक सुवर्ण धरण घ्यावें. मात्र चेमुल्य आणि चंद्रपूर, म्हणजे चौल आणि गोव्यांतील चांदोर, येथील तारवांस यांतून सूट असावी. ही दोन ओळींची नोंद मोठमोठ्या प्रशस्तींहून अधिक बोलकी आहे. समुद्रापासून इतक्या आंत, डोंगराच्या पायथ्याशीं, परद्वीपाच्या व्यापाराचा पैसा पोंचत होता. आणि परका कोण, शेजारी कोण, याचा भेद राज्यकर्त्यांनीं जकातींत पाळला होता. चौलचा व चांदोरचा तांडेल हा कोंकणच्या दृष्टीनें घरचाच माणूस होता.

मध्ययुगांत ह्या जोडबंदरांपैकीं दाभोळास सर्वांत मोठें वैभव आलें. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत अफनासी निकितिन नांवाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलास उतरला, बहामनी राज्यांत हिंडला, आणि परत जातांना दाभोळाहूनच निघाला. अरबस्तानांतून येणारे घोडे ह्या बंदरांत उतरत व खाडीच्या आणि घांटाच्या वाटेनें बेदर-विजापूरच्या पागांत जात. दक्खनच्या सुलतानांचें घोडदळ अशा रीतीनें खाड्यांच्या भरतीवर अवलंबून होतें. पोर्तुगीजांस हें मर्म लौकरच कळलें. इ. स. १५०८ च्या मार्चांत चौलच्या पाण्यांत त्यांच्या व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेइदा पडला. त्याच वर्षाच्या अखेरीस बापानें सूड म्हणून दाभोळ जाळलें. त्यानंतर समुद्रावर चालणाऱ्या प्रत्येक तारवानें पोर्तुगीजांचा परवाना जवळ बाळगावा, असा दंडक त्यांनीं बसविला. समुद्र मोकळा राहिला नाहीं; परंतु खाड्या राहिल्या. परवाना नसलेलें लहान गलबत किनाऱ्याच्या सांवलींतून एका खाडींतून दुसऱ्या खाडींत सरकत असे, आणि मोठ्या खोल तळाच्या जहाजास उथळ पाण्यांत त्याचा पाठलाग करतां येत नसे.

श्रीशिवछत्रपतींच्या आरमाराचा पाया ह्या उथळ पाण्याच्या विद्येवरच घातला गेला. इ. स. १६५७ त कल्याण-भिवंडी हातीं आल्यावर तेथील खाडींतच गलबतें बांधण्यास आरंभ झाला, ही गोष्ट सूचक आहे. पुढें १६६४ त मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचें काम सुरू झालें. आपण सिंधुदुर्गाच्या तटाचें कौतुक करतों व तें योग्यच आहे, परंतु इ. स. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनीं रचलेल्या ‘आज्ञापत्रां’त आरमारासंबंधीं जें प्रकरण आहे, तें वाचलें म्हणजे तटाइतकाच मुक्कामाचाही विचार त्या राज्यांत कसा झाला होता, हें कळतें. पावसाळ्यापूर्वीं आरमारानें सुरक्षित, किल्ल्याच्या आश्रयाच्या बंदरांत छावणी करावी. ती दरवर्षीं एकाच बंदरांत न करतां पाळीपाळीनें करावी, म्हणजे एकाच ठिकाणच्या रयतेस आरमारी लोकांचा उपद्रव होणार नाहीं. आणि जहाजांसाठीं लांकूड तोडतांना रयतेचे आंबे-फणस तोडूं नयेत, कारण तीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात. हा शेंवटचा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. त्याकडे मला पुन्हां यावयाचें आहे.

आंग्र्यांनीं ही विद्या कळसास नेली, आणि तिचा शेंवटही त्यांच्याच घरीं झाला. वाघोटणच्या खाडीचें तोंड म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरील उत्तम निवाऱ्यांपैकीं एक. इ. स. १७५६ च्या फेब्रुवारींत, पेशव्यांच्या संमतीनें व साह्यानें, वॉटसन आणि क्लाइव्ह यांचें आरमार विजयदुर्गावर चालून आलें. तुळाजी आंग्र्यांचें आरमार किल्ल्याच्या आश्रयास खाडींत एकत्र नांगरलेलें होतें. एका गोळ्यानें एक जहाज पेटलें, त्याची आग शेजारच्यास लागली, आणि पाहतां पाहतां सारें आरमार जळून गेलें. जी खाडी इतकीं वर्षें आई होती, ती त्या दिवशीं सांपळा झाली. ज्या सत्तेनें आपल्याच माणसाचें आरमार बुडविण्यास परक्याची मदत घेतली, तिला पुढें समुद्र कधींच परत मिळाला नाहीं.

तथापि जोडबंदरांचा खरा घात तोफांनीं केला नाहीं. इ. स. १८१८ नंतरही अर्धें शतक खाड्यांतला व्यापार तेजींत होता. त्यावर पहिला घाव घातला तो आगगाडीनें. १८६३ त बोरघांटांतून आगगाडी वर गेली. १८९१ त ती कोल्हापुरास पोंचली. देशावरचा कापूस, गूळ आणि धान्य जें पूर्वीं बैलांच्या पाठीवरून कुंभार्ली-फोंड्यानें उतरून खाडीस मिळत असे, तें आतां रुळांवरून थेट मुंबईस जाऊं लागलें. घांट सुने पडले, म्हणजे खाडीचें एक टोंक तुटलें.

याच सुमारास आगबोटी आल्या, आणि लोकांस वाटलें कीं बंदरांस नवा जन्म मिळाला. एका अर्थानें तें खरेंही होतें. शेफर्ड कंपनीच्या व पुढें बाँबे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी मुंबईहून दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्लें असें करीत गोव्यास जात. स्वदेशीच्या चळवळींत निघालेल्या देशी कंपनीस लोक आपुलकीनें ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. परंतु आगबोटीस भरती-ओहोटीचें सोयरसुतक नव्हतें. ती बहुतेक ठिकाणीं बाहेरच उभी राही, शिटी वाजवी, आणि किनाऱ्यावरून पडाव हेलकावे खात तिच्याकडे जात. बायकामुलें, गांठोडीं, आंब्यांच्या पेट्या, सारें वरून खालीं व खालून वर दिलें-घेतलें जाई. अर्ध्या तासांत बोट निघून जाई. गलबत बंदरांत राहत असे. आगबोट बंदरावरून जात असे. ज्या वस्तींत रात्रीच्या मुक्कामास पन्नास खलाशी उतरत, तेथें आतां चार उतारू उतरूं लागले.

आणि त्याहूनही मोठा पालट मालांत झाला. पूर्वीं ह्या बंदरांतून वस्तु बाहेर जात. आतां माणसें जाऊं लागलीं. मुंबईच्या गिरण्यांस रत्नागिरी जिल्ह्यानें जे हजारों हात पुरविले, ते ह्याच आगबोटींनीं नेले. शिमग्यास आणि गणपतीस ते हात थोडे दिवस परत येत, आणि पुन्हां पडावांत बसत. किनाऱ्यावर उभें राहून हात हलविणें हा कोंकणांतील घरांचा वार्षिक विधि होऊन बसला. ह्या प्रवासाची किंमतही कधीं कधीं भयंकर पडली. ११ नोव्हेंबर १९२७ ह्या एकाच दिवशीं वादळांत ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ ह्या दोन बोटी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजीं, स्वातंत्र्यास एक महिनाही उरला नसतां, भर पावसाळ्यांत रेवसास निघालेली ‘रामदास’ बोट सहाशेंहून अधिक माणसांसह बुडाली. जुन्या तांडेलानें आषाढाच्या अमावास्येस शीड उभारलें नसतें, असें वाटतें. पण आगबोट वेळापत्रकानें चालते, आणि चाकरीच्या वेळा तिथी पाहत नाहींत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ह्या उतारू बोटीही थांबल्या. मोटाररस्त्यानें त्यांची जागा घेतली, आणि १९९८ त कोंकण रेल्वे सबंध मार्गावर सुरू झाली. आतां गंमत अशी कीं, मुंबई-गोवा हमरस्ता ज्या गांवांवरून जातो, तीं महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण हींच आहेत! रस्ता बांधणाऱ्यास नदीवर पूल हवा असतो; पूल बांधणें सोपें तेथेंच, जेथें खाडी अरुंद होऊन संपते; आणि तेथेंच आपल्या पूर्वजांचीं वरचीं बंदरें होतीं. म्हणजे नव्या रस्त्यानें जुन्या जोड्यांतील एकेक मणी ओंवून घेतला आणि दुसरा खालीं टाकून दिला. बाणकोट, दाभोळ, जयगड, जैतापूर, विजयदुर्ग हीं आडरस्त्यास पडलीं. अलीकडे दाभोळ-धोपावें, जयगड-तवसाळ अशा ठिकाणीं मोटारी वाहून नेणाऱ्या फेरीबोटी चालतात, हें चांगलेंच आहे. परंतु त्या खाडी ओलांडतात. खाडींतून जात नाहींत. एके काळीं जो रस्ता होता, तो आतां अडथळा झाला आहे.

येथवरचा सारा दोष काळावर व परक्यांवर टाकून आपणांस मोकळें होतां आलें असतें. परंतु एक कारण असें आहे कीं, त्यांत आपला स्वतःचा हात आहे. खाड्या गाळानें भरत चालल्याची तक्रार एकोणिसाव्या शतकांतील सरकारी गॅझेटियरांतच नमूद आहे. पूर्वीं राजापुरापर्यंत जाणारीं मोठीं गलबतें खालींच थांबूं लागलीं होतीं. शास्त्रीच्या खाडींत संगमेश्वरचें बंदर मागें पडून खालचें फुणगूस पुढें आलें होतें. हा गाळ आला कोठून? सह्याद्रीच्या उतारांवरची झाडें तुटलीं, वरकस जमिनी उघड्या पडल्या, आणि कोंकणच्या मुसळधार पावसानें ती माती खाडींत आणून टाकली. आणि तीं तोडलेलीं झाडें गेलीं कोठें? त्यांतील बरींच, मुंबईच्या चुलींसाठीं जळाऊ लांकूड म्हणून, ह्याच खाड्यांतून, ह्याच गलबतांनीं गेलीं. ज्या वाटेवर पोट भरत होतें, तीच वाट त्या मालानें बुजविली. अमात्यांनीं आंब्या-फणसाविषयीं घातलेली ताकीद केवळ रयतेच्या दयेची नव्हती. झाड, माती, पाणी आणि बंदर हीं एका सांखळींत आहेत, हें ज्याला दिसतें, अशा राज्यकर्त्याची ती दूरदृष्टी होती.

ह्या गाळाचा हिशेब आज आपणांस चुकवावा लागत आहे. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीनें चिपळूण बुडविलें. विलक्षण पाऊस, समुद्राची भरती आणि गाळानें उथळ झालेलें पात्र यांची गांठ पडली, आणि बाजारपेठेंत माणसांच्या डोक्यावर पाणी चढलें. त्यानंतर नदींतला गाळ काढा अशी मागणी शहरानें मोठ्या निकरानें केली, आणि गाळ काढण्याचें कामही हातीं घेतलें गेलें. मला त्यांत एक जुनाच न्याय दिसला. जोंपर्यंत खाडींतून गलबत येत होतें, तोंपर्यंत तिच्यांत किती पाणी आहे हें रोज कोणीतरी वेळूनें मोजून पाहत होतें. गलबत बंद झालें तेव्हां मोजणारा गेला. आणि मोजणारा गेल्यावर कित्येक वर्षें खाडी भरत चालली आहे हें कोणाच्या ध्यानांतही आलें नाहीं. ती बातमी अखेर पुरानें दिली.

गेलेलीं गलबतें परत आणावींत, असें माझें म्हणणें नाहीं. शिडाच्या जहाजानें आंबा मुंबईस पाठवूं म्हणणारास बागवाला हंसेल, आणि तें योग्यच होईल. परंतु खाडी ही कोंकणच्या अंगांतील रक्तवाहिनी आहे. तिच्यावरून माल जावो वा न जावो, ती मोकळी राहिलीच पाहिजे. तिच्या उगमाकडील डोंगर झांकलेले असावेत, तिचें मुख उघडें असावें, आणि मधल्या पाण्याची खोली जाणणारीं माणसें तिच्या कांठीं असावींत. अशीं माणसें अजून आहेत. हर्णैच्या, दाभोळच्या, मालवणच्या कोळीवाड्यांतील वृद्धांस कोणत्या तिथीस कोठें किती पाणी असतें, हें आजही ठाऊक आहे. त्यांच्यापाशीं बसून तें लिहून घेण्याचें काम आमच्या कॉलेजांतील विद्यार्थ्यांस सहज करतां येईल. किल्ल्यांच्या तटांचीं मापें आपण पुष्कळ घेतलीं; आतां तटाखालच्या पाण्याचींही घ्यावींत.